लोखंडी नवार, खारी माती

एसटी पुलावर चढली की माझा हात आपोआप समोरच्या दांडीवर जातो. बायकोच्या हे लग्नानंतर लवकरच लक्षात आलं. सुरुवातीला तिला वाटायचं, मला पाण्याची भीती वाटते. पाण्याचं मला काही नाही. पुलाच्या मधल्या भागाचंही नाही, तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मला धास्ती असते ती पुलाच्या दोन टोकांची. रस्ता संपून पूल सुरू होतो तिथे गाडी एक हलका दचका देते, तो येण्याआधीच मी दांडी घट्ट धरलेली असते. बांधकाम खात्यात सगळी हयात घालवलेल्या माणसाने असं लिहू नये हे मला कळतं. पण आता निवृत्त झालो, माझी बदली कुठे करणार?

पुलाच्या टोकाला जी भिंत असते तिला आम्ही अ‍ॅबटमेंट म्हणतो. तिला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. पुलाचं टोक डोक्यावर घ्यायचं, आणि पाठीमागे रस्त्यासाठी टाकलेला उंच भराव नाल्यात कोसळू द्यायचा नाही. मधल्या खांबांचं सगळे कौतुक करतात, उद्‌घाटनाच्या फोटोत तेच येतात. टोकाच्या भिंतीकडे ती तडकल्याशिवाय कोणी बघत नाही. मी नोकरीत बरेच पूल बांधले, काही पाडले, काहींवरून बोलणी खाल्ली. पण जन्माची झोप मोडली ती एकाच भिंतीने, आणि ती भिंत दगडाची नव्हती, काँक्रीटचीही म्हणता येणार नाही. ती मुरमाची होती.

तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यातच मोडत होतो. सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. जऊळका स्टेशनकडून किन्हीराजाच्या अंगाला जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर एक नाला होता. उन्हाळ्यात त्यात बकऱ्या बसत, आणि पावसाळ्यात तो पलीकडची गावं तोडून टाकी. त्यावर पूर्वी एक छोटा पूल होता. त्याच्या टोकाची दगडी भिंत वरपासून खालपर्यंत चिरली होती. कारण साधं होतं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. दगडी भिंत जड आणि ताठ. खालची जमीन हलली की ती जरासुद्धा सरकून घेत नाही, सरळ चिरते.

आमच्या उपविभागाचे साहेब होते कानडे. बारीक, चष्मेवाले, सतत घशाच्या गोळ्या चघळणारे. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले आणि येताना एक नवीन विचार घेऊन आले. भिंत जड करण्याऐवजी मुरमालाच उभं राहायला शिकवायचं. वरच्यांकडे खेटे घालघालून त्यांनी एका टोकापुरती परवानगी मिळवली. वाशिमजवळच्या मालेगावकडच्या टोकाला ही नवी भिंत, आणि पलीकडच्या टोकाला नेहमीची. कचेरीत त्यांच्या माघारी या प्रकाराला 'कानड्यांची वाळूची किल्ली' म्हणायचे. वाळूचा किल्ला नव्हे, किल्ली, कारण ही भिंत पडली की साहेबांच्या बढतीला कुलूप लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. जागेवर उभं राहून ती बांधायची होती मला. मी नवाच ओव्हरसियर होतो.

कल्पना अशी. मुरूम सुटा ओतला तर पसरतो, त्याचा उभा कडा राहत नाही. पण एक थर मुरूम, त्यावर ठरावीक अंतरावर लांबलचक लोखंडी पट्ट्या आडव्या, वर पुन्हा मुरूम, त्यावर रोलर, पुन्हा पट्ट्या, असं करत वर गेलं, तर पसरायला निघालेला मुरूम पट्टीला धरून ठेवतो आणि पट्टी मुरमाला. पुढे नाल्याच्या बाजूला काँक्रीटच्या पातळ फरश्या. त्या पट्ट्यांच्या टोकांना बोल्टने अडकवायच्या. फरशी म्हणजे फक्त पडदा, मुरूम गळू नये म्हणून. सगळा भार आत, न दिसणाऱ्या पट्ट्यांवर. आणि डोक्यावर पुलाचं टोक.

पट्ट्या रेल्वेने जऊळक्याला उतरल्या आणि बैलगाड्यांवरून नाल्यावर आल्या. चार बोटं रुंद, जाडीला अगदीच बेताच्या, वर जस्ताचा चकचकीत मुलामा. गाडीवान उतरवता उतरवता म्हणाला, "सायेब, हे तं धान्याच्या कोठीच्या पट्ट्या दिसून राह्यल्या. पुलाचं लोखंड कधी येईन?" मी म्हटलं, हेच. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढची पट्टी उतरवायला घेतली.

भराव टाकायला बायकांची टोळी होती आणि टोळीचा सगळा कारभार पार्वतामायच्या हातात. चाळिशीच्या आतबाहेरची, नवरा गेलेला, आवाज असा की रोलरचा ड्रायव्हर इंजिन सुरू असतानाही तिचं ऐकायचा. दुष्काळाच्या वर्षी रस्त्याच्या कामांवर राबून तिला मुरमाची चांगली पारख आली होती. पहिल्या दिवशी वानखडे हे माझं नाव ऐकून तिने "जय भीम" केला आणि लगेच विचारलं, "माय काय करते जी तुमची?" मी सांगितलं, मानोऱ्याकडे असते, अजून दुसऱ्यांच्या घरांच्या मातीच्या छपरावर, धाब्यावर, माती टाकायला जाते. "मंग तं तुमी आपल्यातलेच," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी हक्काने भांडायला लागली.

या पट्ट्यांवर तिचाही विश्वास नव्हता. म्हणून मी एक दिवस खाटेची नवार आणवली. जमिनीवर अंथरली, वर मुरमाचा ढीग टाकवला, धुमसाने ठोकवला, आणि बाहेर राहिलेलं टोक तिच्या हातात दिलं. ओढ म्हटलं. तिने ओढली. मग आणखी दोघी लागल्या. मग चिडून तिने पदर खोचला आणि टाच रोवली. नवार फाटली, पण ढिगातून बाहेर आली नाही. तुटका तुकडा हातात घेऊन ती बराच वेळ ढिगाकडे बघत राहिली. त्यानंतर कामावर पट्टीला कोणी पट्टी म्हटलं नाही. सगळ्यांच्या तोंडी 'लोखंडी नवार' हेच नाव बसलं.

रोज संध्याकाळी छत्री टेकत नानासाहेब यायचे. गावातले मोठे जमीनदार, नाल्याला लागून त्यांचंच शेत. फरशीवर छत्रीचं टोक मारून म्हणायचे, "वानखडे, पडते हे." फरश्या आम्ही मुद्दाम आतल्या बाजूला किंचित कलवून बसवत होतो, कारण मागे मुरूम दाबला की त्या आपोआप बाहेर सरकून ओळंब्यात येतात. नानासाहेबांना तो कलच दिसायचा. "पाहा, आत्ताच वाकडी झाली. एस्टी चढली का मुरमासकट नाल्यात." मी हसून घ्यायचो आणि ते गेल्यावर ओळंबा लावून पुन्हा एकदा बघायचो.

साहेबांची सक्त ताकीद होती की भरावात काळ्या मातीचा कण जाता कामा नये. काळी पाणी धरते, फुगते, पट्टीवरची पकड सोडते. म्हणून भरावाच्या तोंडाशी मी पाण्याचं पिंप ठेवलं होतं. प्रत्येकीने पाय धुऊन वर चढायचं. बायका हसायच्या. "देवळात चाल्लो का काय बाप्पा," म्हणायच्या. पण धुवायच्या. पार्वतामाय तर एकेकीची टाच उचलून तपासायची.

आता धाब्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भागात तेव्हा बहुतेक घरं धाब्याची. वर लाकडं, त्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, त्यावर मातीचा जाड थर. त्या थराच्या माथ्यावर घालतात खारी माती. ती गावाजवळच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या पांढुरक्या जमिनीत, मिळते. पाऊस पडला की ती अशी एकजीव बसते की पाणी खाली उतरत नाही. मृगाच्या आधी प्रत्येक घर आपल्यापुरती खारी माती खणून अंगणात रचून ठेवतं आणि धाबं शाकारतं. माती चांगली की वाईट हे ओळखायचं साधन म्हणजे जीभ. चिमूटभर तोंडात टाकायची, खारट लागली तर टोपली भरायची. खारं नसेल ते गोडं, ते फेकायचं. माझ्या आईच्या हाताखाली मी लहानपणी इतकी माती चाखली आहे की ती चव मी झोपेत ओळखेन.

भिंत निम्म्यावर आली होती. वरच्या थरावर पट्ट्या अंथरून झाल्या होत्या, मुरूम टाकायचा होता, आणि बोल्ट संपले. मी बोल्ट आणायला अकोल्याला गेलो. मे महिना सरत आला होता. भरावावर मोठी ताडपत्री टाकून, दगड ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जऊळक्याला उतरलो तेव्हा स्टेशनच्या फलाटावर लिंबाच्या डहाळ्या पडलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी वावधान, म्हणजे वादळी पाऊस, होऊन गेलं होतं. सायकल दामटत नाल्यावर पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, वाहून गेलेला मुरूम आणि लोंबणाऱ्या पट्ट्या.

तसं काही झालं नव्हतं. भिंत जागच्या जागी होती. भरावाचा माथा गुळगुळीत, सारवल्यासारखा, आणि पाणी बहुतेक सगळं भिंतीपासून उलट्या बाजूला निघून गेलेलं. बायका सगळ्या काठावर बसलेल्या, माझ्याच वाटेकडे डोळे. नानासाहेबसुद्धा सकाळीच हजर. माथ्याचा रंग बघून मात्र माझे पाय थांबले. मुरूम तांबूस असतो. हा माथा पांढुरका होता.

"ताडपत्री तं गेली जी," पार्वतामाय उठून सांगायला लागली. "एका सोसाट्यात फाटली अन् बाभळीले जाऊन लटकली. आभाळ असं आलं का बस. मी म्हनलं, आता सायेबाची नवार भिजते. मंग घरोघर गेली. म्हनलं, बाया हो, धाब्याची माती काढा, पूल काही सायेबाच्या बापाचा नाई, आपलाच हाये. कोनी नाई म्हनलं नाई."

"आमची गाडीभर हाये बरं त्याच्यात," नानासाहेब मागून म्हणाले.

मी पाय न धुताच वर चढलो. खाली बसून एक चिमूट उचलली. ती खारी माती आहे हे मला दिसत होतं, तरी मनात म्हणत होतो की नसावी. जिभेवर टाकली. अस्सल, निवडक, घरच्या धाब्यासाठी राखून ठेवलेली खारी माती. आणि ती उघड्या पट्ट्यांवर थेट पसरलेली.

"काय झालं? तोंड काहून उतरलं तुमचं?" पार्वतामायने विचारलं.

"माय, ही इथे चालत नाही."

"कायले नाई चालत? तुमी काळी नोको म्हनलं होतं. हे तं पांढरी हाये. अन् पाय धुऊनच टाकली आमी."

 साहेबांच्या टिपणात 'भरावात क्षार नसावेत' अशी एक ओळ होती, पण नाल्याकाठच्या मुरमात क्षार कुठून येणार म्हणून तिच्याकडे ना साहेबांनी कधी वळून पाहिलं, ना मी. गावाने आपलं छप्पर आणून माझ्या भिंतीवर घातलं होतं. ते कामही चोख झालं होतं, खालचा मुरूम बहुतेक कोरडा होता. आणि त्याच मातीने जस्त खाल्लं असतं, मग लोखंड. आज नाही, उद्या नाही. काही वर्षांनी, फरश्यांच्या आड, कोणाला काही न कळता. मग एखाद्या दिवशी भरलेली एसटी त्या टोकावर चढली असती. आतल्या माणसांचे चेहरे मला उगाचच दिसायला लागले.

सायकल काढून मी मालेगावचं पोस्ट गाठलं आणि वाशिमला साहेबांना ट्रंक कॉल लावला. लाइन लागेपर्यंत बाकावर बसून होतो, शर्ट घामाने चिकटला होता. साहेबांना सगळं ओरडून सांगितलं. पलीकडे गोळी चघळल्याचा आवाज थांबला.

"किती खोल उतरलंय?"

"माहीत नाही साहेब. पाणी कडेकडेने थोडं मुरलंय, त्याच्याबरोबर खारही गेला असेल."

"नमुने तपासायला पाठवू."

"निकाल येईपर्यंत पावसाळा लागेल साहेब."

मग नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन तुटली. "वानखडे," ते म्हणाले, "ही भिंत मी मागून घेतलीय. तुम्ही जागेवर आहात. तुम्हाला वाटेल तेवढं काढा. पण भराव उघडा असताना पाऊस आला तर आहे तेही जाईल, हे लक्षात ठेवा." आणि लाइन खरंच तुटली.

म्हणजे कमी काढलं तरी मेलो, आणि जास्त काढत बसलो तरी मेलो. परतताना पश्चिमेकडे पुन्हा ढग चढत होते. सायकलवर मी मोठमोठ्याने स्वतःशी बोलत होतो, हे एका मेंढपाळाने थांबून पाहिलं.

पार्वतामायला आधी पटवायला हवं होतं. तिच्याशिवाय टोळीतली एक बाई टोपली उचलणार नव्हती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या धाब्याची पन्हाळ कशाची आहे?" पन्हाळ म्हणजे धाब्यावरचं पाणी बाहेर टाकणारा पत्र्याचा नळा.

"पत्र्याची."

"टिकते किती?"

"कायची टिकते जी! बाहेरचं तोंड नव्यावानी राह्यते, अन् मातीतला भाग हात लावला का भुगा." एवढं बोलून ती थांबली. भरावाकडे बघितलं. "म्हंजे नवारीचंबी पन्हाळीवानीच होईन?"

"होईल. पन्हाळ सडली तर घर गळतं, आपल्याला कळतं. इथे आत काय झालं ते कोणालाच दिसणार नाही."

ती तिथेच मातीवर बसली. "घरोघर हात जोडले मीनं," म्हणाली. "आता त्याहिले काय तोंड दाखवू? तुमच्या धाब्याची माती नाल्यात फेकली म्हनू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.  ज्या मातीसाठी माझ्या आईने डोक्यावरचे केस घालवले ती माती फेकायला मी सांगत होतो. पण तिथे बसून राहायला वेळ नव्हता, आणि हे माझ्याआधी तिने ओळखलं. पदर खोचून उठली आणि काठावरच्या बायकांवर ओरडली, "बसल्या कायले? उचला!"

वरचा पांढरा थर निघाला. तो सोपा होता, दिसत होता. खालच्या मुरमात उतरलेला खार दिसत नव्हता. मी एका ठिकाणी चिमूट तोंडात टाकली. खारट. आणखी खाली उकरून टाकली. थोडं कमी. पार्वतामाय माझ्याकडे बघत होती. तिनेही वाकून चिमूट उचलली. मग दुसरीने. कोणी सांगावं लागलं नाही. ज्या बायका दरवर्षी खारी माती शोधायला जीभ वापरत होत्या, त्या आता ती हुडकून बाहेर काढायला वापरायला लागल्या. ओळीने बसलेल्या, उकरायचं, चाखायचं, थुंकायचं. "खारं!" अशी आरोळी आली की तिथे फावडं. "गोडं!" अशी आली की तिथे थांबायचं. पट्ट्या उचलून, पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून एका बाजूला लागत होत्या.

दुपारी नानासाहेब आले आणि आपली गाडीभर माती नाल्यात पडलेली बघून लालबुंद झाले. "वानखडे, हे काय चाललं?" मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात पार्वतामायने मुरमाने भरलेला तळवा त्यांच्यापुढे केला. "तुमीच सांगा जी, खारं का गोडं?" त्यांच्या घरी तिला पाणी वरून ओततात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग छत्री काखेत मारली, तिच्या तळहातावरून चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. "खारं," म्हणाले, आणि चूळ भरायला पिंपाकडे गेले. भिंत पडणार असं म्हणायचं त्यांनी त्यानंतर सोडलं, असं मात्र झालं नाही.

दिवस कलायला लागला तसं आभाळ भरत आलं. शेवटी राहिला वरच्या अंगाचा कोपरा, जिथे नाल्याचं पाणी आधी येऊन आपटतं. वावधानात नेमकं तिथेच पाणी साचलं होतं. तिथे उकरत होतो आणि कोणालाच काही सांगता येईना. दिवसभर खार चाखून जिभा बधिर झाल्या होत्या. पाण्याने चुळा भरल्या, भाकरीचा कोर चावला, काही उपयोग नाही. मी त्याच जागची चिमूट तीनदा तोंडात घेतली. एकदा खारट लागली, एकदा नाही, आणि एकदा फक्त माझीच भीती लागली. वारा सुटला होता. रोलरवाला इंजिन चालू ठेवून माझ्याकडे बघत होता.

"माय," मी म्हटलं, "तूच सांग आता."

पार्वतामाय कोपऱ्यात उतरली. चिमूट घेतली, तोंडात घोळवली, आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. थुंकून म्हणाली, "गोडं हाये. टाका."

आम्ही पट्ट्या बसवल्या, बोल्ट पिळले, मुरूम टाकला. भिंतीजवळ रोलर नेता येत नाही, फरश्या बाहेर ढकलल्या जातात, म्हणून तिथे सगळ्यांनी धुमस घेऊन ठोकलं. मीही ठोकलं. माथ्याला उतार दिला आणि काम बंद झालं.

आणि पाऊस? तो आलाच नाही. सगळे ढग आमच्या डोक्यावरून गडगडत पूर्वेला निघून गेले. मी माथ्यावर उभा राहून कोरड्या जमिनीकडे बघत होतो. अजून तासभर उकरलं असतं तरी चाललं असतं. पाऊस खरा आला तो दोन दिवसांनी, आणि तोवर त्या कोपऱ्यावर आणखी थर चढले होते.

भिंत वेळेत पूर्ण झाली. तिच्यावर पुलाचं टोक टेकलं. पुराच्या दिवशी मी आणि साहेब नाल्याकाठी भिजत उभे होतो. पाणी फरश्यांवर आपटत होतं. फरश्या हलल्या नाहीत. साहेबांनी मला घशाची गोळी दिली, नोकरीत त्यांनी मला दिलेली ती एकमेव शाबासकी. त्यांना पुढे बढतीही मिळाली.

त्या पावसाळ्यात मी एकदा पार्वतामायच्या घरी गेलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर गंज-पातेली, तांब्या, परात, सगळं मांडलेलं आणि सगळ्यात टपटप. धाबं शाकारायच्या दिवसांत ती माझ्या भिंतीवर होती, आणि माती तर आधीच गेली होती. तिने चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मी, तेव्हा बाभळीवरून काढलेली फाटकी ताडपत्री तिच्या धाब्यावर घालून आलो. एवढंच मला करता आलं, आणि ते पुरेसं नव्हतं.

पुढे बदल्या होत गेल्या. पण कुठेही असलो तरी वर्षातून एकदा त्या पुलावर जायचो. उतरायचो, वरच्या अंगाच्या कोपऱ्याशी जाऊन फरश्यांच्या सांध्यांवरून हात फिरवायचो. लोकांना वाटायचं, साहेबाला आपल्या कामाचा अभिमान आहे. अभिमान होताच. पण खाली वाकलो की कानात तिचा आवाज यायचा, "गोडं हाये, टाका," आणि पाठोपाठ शंका. कुठे पूल खचल्याची बातमी वाचली की आधी गावाचं नाव बघायचो, मगच चहा घशाखाली उतरायचा.

निवृत्त झालो त्या वर्षी तिला भेटायला गेलो. घरावर स्लॅब पडला होता. ती खाटेवर बसलेली, नजर कमी झालेली, आवाज तोच. मुलांची, दुखण्याखुपण्याची चौकशी झाली. नानासाहेब गेल्याचं तिने सांगितलं. मग मला राहवेना.

"माय, एक विचारू? त्या दिवशी तो कोपरा खरंच गोडा होता का गं?"

ती हसली. तोंडात दात उरले नव्हते. "मले तं कायच लागत नव्हतं जी. जीभ मरून गेल्ती."

"मग गोडं आहे असं काहून म्हणालीस?"

"तुमी इचारलं काहून?" ती म्हणाली. "तुमचं तोंड पाहून राह्यली होती मी. कोनी हो म्हनलं नसतं तं तुमी पाऊस अंगावर येईपर्यंत उकरत बसले असते. समदीच भिंत गेली असती."

"पण पाऊस आलाच नाही, माय."

"आता मालूम हाये. तवा कोनाले मालूम होतं?" मग ती खाटेच्या कडेवर हात फिरवत राहिली. "मलेबी झोप लागे नाई जी," म्हणाली. "पह्यल्या वर्षी एस्टी गेली का मी दारात येऊन आवाज आयकायची. पुलावरून पल्याड गेली का मंग चूल पेटवायची."

इतकी वर्षं मी समजत होतो की ती काळजी एकट्या माझी आहे. मी तिचा हात हातात घेतला. बाहेर एसटीचा हॉर्न झाला. तिने मान तिरकी करून ऐकलं. मीही ऐकलं. गाडी गेली पलीकडे.

परतताना पुलापाशी थांबलो. भिंत सरळ होती. कोपऱ्यातल्या सांध्यावर मात्र पांढरी पूड जमलेली दिसली. काँक्रीटवर अशी पूड येते, सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर पडतो, त्यात काही विशेष नसतं. मी शेकडो ठिकाणी पाहिली आहे आणि कधी दुसऱ्यांदा बघितलं नाही. इथे मी नखाने ती खरवडली, रस्त्यावर कोणी नाही असं बघितलं, आणि जिभेवर ठेवली.

तुरट लागली, चुन्यासारखी. खारट नव्हती. निदान मला लागली नाही. पण ही जीभ आता म्हाताऱ्याची आहे, आणि हो म्हणायला शेजारी कोणी नव्हतं.